अंबडच्या खतदुकानातला फळा

अंबडहून पाचोडकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक कृषी सेवा केंद्र आहे. मोसंबीला लागणारी विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारी खतं, औषधं, ठिबकचं किरकोळ सामान असं सगळं तिथं मिळतं. दुकानाचं नाव मी मुद्दाम देत नाही, मालकानंच तशी विनंती केली आहे. खताची रेक, म्हणजे मालगाडी, लागल्यावर कुठल्या दुकानाला किती गोण्या सोडायच्या हे वरच्या वितरकाच्या हातात असतं, आणि मी जे लिहिणार आहे त्यातलं काही त्या मंडळींना रुचणारं नाही. पण अंबडच्या बाजारात कुणाही मोसंबीवाल्याला "फळ्यावर देश लिहिणारं दुकान कुठलं" असं विचारा, तो बरोबर नेऊन सोडेल.

देश लिहिणारं, हो. दाराच्या डाव्या अंगाला काळा फळा आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणं प्रत्येक विक्रेत्यानं साठा आणि दर लोकांना दिसतील असे लावायचे असतात, त्यामुळं साठा व भाव फलक सगळ्याच दुकानांत असतो. आमच्या भागातल्या बऱ्याच फलकांवरचे आकडे मात्र निरीक्षक यायचा असला तरच बदलतात. इथं रोज सकाळी दुकान उघडलं की मालकाचा धाकटा भाऊ ओल्या फडक्यानं फळा पुसतो आणि नव्यानं लिहितो. कायद्यानं मागितलेल्या रकान्यांशिवाय तीन रकाने त्यांनी स्वतःहून वाढवलेत. माल कुठल्या देशातला, दुकानात कधी आला, आणि पुढचा माल कधी येणार. २०२५ च्या पावसाळ्यात १२:६१:०० आणि ००:५२:३४ (हे आकडे खतातल्या नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश यांच्या टक्क्यांचे) या दोन ओळींसमोर शेवटच्या रकान्यात "सांगता येत नाही" असं लिहिलेलं होतं, आणि ते बरेच आठवडे तसंच राहिलं. दराचा आकडा खोडून वर नवा लिहिला होता. जुना वाचता येईल असाच खोडलेला.

त्या "सांगता येत नाही"साठी मी हे परीक्षण लिहितेय. कारण त्याच दिवसांत टीव्हीवर आणि पेपरात खताचा साठा मुबलक असल्याचं सांगितलं जात होतं.

मला खत कशाला लागतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमची बाग न्यूसेलर जातीच्या मोसंबीची, रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलम केलेली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली, पण पार टोकाला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या बागा उभ्या वाळल्या, त्यात आमचीही जुनी बाग गेली. ही त्यानंतर लावलेली. पाणी मोजकं, म्हणून ठिबक. आणि ठिबक म्हटलं की पाण्यात पूर्ण विरघळणारं खतच लागतं, नाहीतर ड्रिपर बुजतात. फुलोरा आणि फळधारणेच्या काळात स्फुरद, फळ फुगायला पालाश, असा साधा हिशोब. ही खतं युरिया-डीएपीसारखी सरकारी दरानं मिळत नाहीत. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची ५० किलोची १,३५० ला, हे सगळ्यांना पाठ आहे. विद्राव्य खताचा दर बाजार ठरवतो. आणि त्या बाजाराची दोरी कुणाच्या हातात आहे हे मला या फळ्यामुळं नीट कळलं.

जून २०२५ मध्ये या खतांच्या उद्योगाच्या संघटनेनंच जाहीर सांगितलं की भारतात येणाऱ्या विशेष खतांतला (विद्राव्य खतं त्यातच येतात) जवळपास ८० टक्के माल चीनमधून येतो, आणि तिथून भारताकडं निघणारी जहाजं अडली आहेत. मी दुकानात गेले तेव्हा मालकाला विचारलं, "भाऊ, चीननं बंदी घातली काय?"

"बंदी नाही काकू. बंदी राहिली असती तर हाती कागद तरी राहिला असता. तिकडं माल बंदरावर जायच्या आधी सरकारी तपासणी लागते. आपल्याकडं यायच्या मालाची तपासणी करायलाच कुणी येईना. आता भांडायचं कुणाशी?"

ही तपासणीची अट चीननं ऑक्टोबर २०२१ पासून खतांच्या निर्यातीवर बसवलेली आहे. त्यांची कारणं त्यांच्या बाजूनं चुकीची नाहीत. त्यांच्या शेतकऱ्याला खत स्वस्त मिळावं, आणि आता स्फुरदाचा मोठा वाटा गाड्यांच्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांकडं जातो, तोही त्यांना सांभाळायचा आहे. पण त्या एका अटीमुळं निर्यातीचं दार उघडं आहे की बंद हे बाहेरच्या कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीला आले, आणि खतं, दुर्मीळ खनिजं आणि बोगदे खोदायच्या यंत्रांवरचे अडथळे काढायचं आश्वासन त्यांनी दिल्याच्या बातम्या आल्या. त्या दिवशीही आमच्या फळ्यावर "सांगता येत नाही" हेच होतं. मी जरा चिडून म्हटलं, "आता तर मंत्र्यानं शब्द दिलाय." मालक म्हणाले, "शब्दाची गोणी होऊन बंदराला लागू द्या, तारीख मी लगेच लिहितो."

आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. जायकवाडीच्या वर नाशिक-नगरची धरणं आहेत. पाणी कुणी नाकारत नाही, फक्त सोडत नाही. २०२३ साली साडेआठ टीएमसीहून थोडं जास्त पाणी सोडायचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला आणि प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. वरच्याच्या हातात दरवाजा असला की काय होतं ते आम्ही पिढ्यान् पिढ्या भोगलंय. तरी तिथं एक लेखी नियम आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असला तर वरून पाणी सोडायचं, आणि नाही सोडलं तर कोर्टाचं दार वाजवता येतं. ती ६५ ची पातळी खाली आणायची शिफारस झाली तेव्हा इकडं केवढा संताप उसळला, कारण नियम लोकांना ठाऊक होता. खताच्या बाबतीत असा कुठला नियम आमच्यासमोर आहे? किती माल बाहेरून येतो, तो अडला तर किती दिवस पुरेल एवढा देशात आहे, दुसरीकडून कधी येणार, यातलं काहीच आम्हाला कुणी सांगत नाही.

चिनी माल म्हणजे फुटकळ, असं बोलायची आपल्याकडं सवय आहे. खताच्या बाबतीत ते खरं नाही, आणि हे दुकान ते डोळ्यांसमोर दाखवतं. काउंटरवर काचेची मोठी बरणी ठेवलेली आहे. तुम्ही म्हणाल त्या गोणीतलं मूठभर खत तुमच्यासमोर पाण्यात टाकून ढवळतात. १९:१९:१९ तळाला गाळ न सोडता विरघळायला पाहिजे. १३:००:४५ टाकलं की बरणी बाहेरून गार लागते, कारण पोटॅशियम नायट्रेट विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतं. गार लागली नाही तर शंका घ्यावी, हे मला त्या धाकट्या भावानं शिकवलं. दुसऱ्या बरणीत कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदाचं खत एकत्र टाकून दाखवतात. पाणी दुधाळ होतं आणि खाली चुना बसल्यासारखा थर जमतो. ज्यानं हे एकदा पाहिलं तो ठिबकच्या टाकीत ही दोन्ही एकत्र कधीच ओतणार नाही. या बरणीच्या परीक्षेत चीनचा माल उत्तम उतरतो. आणि म्हणूनच त्याची पकड बसली. स्वस्त, स्वच्छ, वेळेवर येणारा माल असल्यावर इथं कारखाना काढायला कोण पुढं येईल? वर्षानुवर्षं असंच चाललं आणि एक दिवस जहाज आलं नाही.

फळ्यावर देशाचं नाव लिहायची सुरुवात कशी झाली तेही विचारलं. आयात मालावर मूळ देश छापायचा कायदा आहेच. गोणीच्या मागच्या बाजूला, शिलाईजवळ, बारीक अक्षरात तो असतो. २०२० च्या जूनमध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले तेव्हा गावागावात चिनी मालावर बहिष्काराच्या शपथा झाल्या, सरकारनं ५९ ॲपवर बंदी घातली. त्या वेळी एक शेतकरी दुकानात येऊन म्हणाला, मला चीनचं काही देऊ नका. मालकानं त्याला गोणीमागची अक्षरं वाचून दाखवली आणि सांगितलं, मग तुम्हाला निम्म्याहून जास्त खत देता येणार नाही. तो माणूस बराच वेळ गप्प बसला आणि शेवटी गोणी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मालकानं फळ्यावर रकाना आखला. "लपवून विकायची लाज वाटली," एवढंच ते म्हणाले.

बहिष्काराच्या त्या वर्षात, म्हणजे २०२०-२१ मध्ये, आपण चीनकडून सुमारे ६५ अब्ज डॉलरचा माल घेतला. २०२४-२५ मध्ये तो आकडा ११३ अब्जांच्या वर गेला. हे सरकारचेच आकडे. भाषणं एका दिशेला आणि जहाजं दुसऱ्या दिशेला चाललेली दिसतात तेव्हा माणसाचा विश्वास कशावर बसणार? मी चीनशी व्यापार करू नका म्हणत नाही. माझ्या झाडांना स्फुरद लागतं आणि ते जिथून येईल तिथून मला हवंय. पण आपण चीनवर किती टेकलेलो आहोत हे आपल्याच सरकारनं मला खरं सांगावं.

युरिया-डीएपीच्या गोण्यांचंच बघा. ऑक्टोबर २०२२ पासून "एक राष्ट्र, एक खत" आलं. अनुदानाच्या सगळ्या गोण्यांवर "भारत युरिया", "भारत डीएपी" असं मोठ्या अक्षरात. गोणीचा दोन तृतीयांश भाग त्या नावाला आणि योजनेच्या चिन्हाला, उरलेल्या एक तृतीयांशात कंपनीची माहिती. आत सौदीचं डीएपी असो, मोरोक्कोचं असो नाहीतर चीनचं, तोंडावर भारत. आपल्याकडं बनतं त्या डीएपीचाही फॉस्फेटचा दगड किंवा ॲसिड बहुतेक बाहेरूनच येतं. चीनकडून २०२३-२४ मध्ये २२ लाख टनांवर डीएपी आलं होतं, ते २०२४-२५ मध्ये साडेआठ लाखांच्या आसपास उतरलं. हे मला दुकानात गोणीवर कुठं दिसणार होतं? मला दिसलं ते एवढंच की डीएपी मागितलं तर नाही म्हणतात. सरकारनं २०२५ मध्ये सौदीच्या कंपनीशी पाच वर्षं दरसाल ३१ लाख टन डीएपीचा करार करवून घेतला, ही चांगली गोष्ट झाली, मनापासून म्हणते. पण ती मी पेपराच्या आतल्या पानावर वाचली. गावात कुणालाच माहीत नव्हती. गावाला माहीत होती ती युरियाची रांग.

श्रीलंकेचं उदाहरण मी इथं देणारच, कारण ते खताचंच आहे. मे २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं एका राजपत्रानं रासायनिक खतांची आयात बंद केली. विष नको, सेंद्रिय शेती करा, असं सांगितलं. परकीय चलन संपत आलंय हे कारण मात्र मोठ्यानं कुणी सांगितलं नाही. मग सेंद्रिय खत कुठून आणायचं, तर चीनच्या किंगदाओ सीविन या कंपनीकडून. त्यांचं "हिप्पो स्पिरिट" नावाचं जहाज २०,००० टन खत घेऊन निघालं. लंकेच्या वनस्पती संगरोध खात्यानं नमुने तपासले तर त्यात पिकाला घातक असे एर्विनिया जिवाणू सापडले. त्यांनी माल उतरवायला नकार दिला. शास्त्रज्ञांनी आपलं काम चोख केलं. मग चीनच्या वकिलातीनं लंकेची सरकारी पीपल्स बँकच काळ्या यादीत टाकली, आणि शेवटी न घेतलेल्या खतासाठी लंकेला ६७ लाख डॉलर मोजायची कबुली द्यावी लागली. हंबनटोटा बंदर २०१७ मध्येच ९९ वर्षांच्या करारानं चिनी कंपनीकडं गेलेलं. भाताचं पीक पडलं, चहा पडला. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली, पण एक हंगाम हातचा गेला होता. जुलै २०२२ मध्ये लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात घुसले आणि गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले.

त्या बातम्या मी रोज वाचत होते. लोक चिनी वकिलातीवर चालून गेले नाहीत, स्वतःच्या सरकारवर गेले. केनियातही तसंच. मोंबासा ते नैरोबी रेल्वे चिनी कर्जावर झाली, २०१७ मध्ये सुरू झाली, आणि त्या कर्जाचे करार नोव्हेंबर २०२२ पर्यंत लोकांना दाखवले नव्हते. तेव्हाही सगळे कागद बाहेर आले नाहीत. कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना २०२४ च्या जूनमध्ये सरकारनं कर वाढवायला घेतले तेव्हा तरुण पोरं संसदेत शिरली. चीनचा पैसा आणि माल जिथं जातो तिथं तो चांगलाही असतो, वाईटही असतो. पण तिथल्या राज्यकर्त्यांनी त्याबद्दल आपल्या माणसांना काय सांगितलं नि काय झाकून ठेवलं, यावर पुढचं सगळं ठरतं असं माझं ठाम मत झालंय. आपलं लंकेसारखं नाही, आपला देश मोठा आहे, कर्जही तसं नाही. पण झाकायची सवय सारखीच दिसते, आणि त्याची मला काळजी वाटते.

आमच्याकडं अविश्वास किती खोल गेलाय ते २०२५ च्या सप्टेंबरात कळलं. मराठवाड्यात कधी नव्हे एवढा पाऊस पडला, नद्यांनी काठची माती खरवडून नेली. आमच्या बागेत पाणी साचून मोसंबीची फळगळ एवढी झाली की आळ्यात हिरवा सडा पडला. ऑक्टोबरात सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पारावर बसलेल्यांपैकी एकानंही त्या आकड्यावर हिशोब केला नाही. "हातात पडलं की मोजू," एवढंच. हा राग नव्हता. राग असता तर लोक बोलले असते, भांडले असते. लोकांनी सरकारी आकडा ऐकणंच सोडून दिलंय. पण तीच माणसं फळ्यावर "सांगता येत नाही" वाचून कुरकुर न करता घरी जातात आणि परवा पुन्हा येऊन बघतात. दुकानदारानं त्यांना त्या दिवशी काहीच दिलेलं नसतं, तरी.

आता दुकानाच्या बाकीच्या गोष्टी.

लिंकिंग. युरिया किंवा डीएपी पाहिजे तर सोबत नको असलेली दुसरी बाटली-पिशवी घ्याच, ही सक्ती. बेकायदेशीर आहे असं केंद्र आणि राज्य दोघंही सांगतात आणि तरी चालते. या दुकानात ती नाही. मालकाला स्वतःला वरून माल लावला जातो, तो त्यांनी एका कोपऱ्यात वेगळा रचून ठेवलाय आणि वर चिठ्ठी आहे, "हा माल घेण्याची सक्ती नाही". तोटा ते सोसतात. किती दिवस सोसतील, माहीत नाही.

बाईमाणसाशी वागणूक. सातबारा माझ्या नावावर आहे आणि बाग मीच बघते. तरी बऱ्याच दुकानांत पहिला प्रश्न येतो, "मालक नाही आले?" इथं मला कधीच कुणी तसं विचारलं नाही. बिल माझ्या नावानं, लॉट नंबरासकट, न मागता मिळतं. शेतात काम करून बोटं झिजलेली, त्यामुळं पॉस मशीनवर, म्हणजे अनुदानाच्या खतासाठी अंगठा घेणाऱ्या यंत्रावर, माझा अंगठा बऱ्याचदा उमटत नाही. धाकटा भाऊ ओलं फडकं देतो, बोट पुसायला लावतो, दुसरं बोट लावून बघतो, आणि मागं रांग असली तरी घाई करत नाही. ही बाब लहान वाटेल, पण ज्या बायांना अंगठा उमटला नाही म्हणून युरियाविना परत पाठवलंय त्यांना तिचं मोल कळेल.

सल्ला. २०२५ च्या पावसाळ्यात ००:५२:३४ मिळेना म्हणून मी दुसरं काय देऊ असं विचारलं. दुसरा कुणी असता तर महागडं टॉनिक गळ्यात मारलं असतं. मालक म्हणाले, "काकू, आधी माती तपासा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद असतो पण अडकून पडतो. खरपुडीला नमुना द्या, मग बघू." खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राचा अहवाल आल्यावर आम्ही शेणखत आणि सिंगल सुपर फॉस्फेट वाढवलं, ठिबकमधलं विद्राव्य स्फुरद निम्म्यावर आणलं. त्यात दुकानाची विक्री कमीच झाली. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्राचं खताचं वेळापत्रक त्यांनी झेरॉक्स करून ठेवलंय, मागितलं की देतात.

उणिवाही आहेत. फळ्यावर फक्त खतं येतात. कीटकनाशकं, बुरशीनाशकं त्यावर नसतात. औषधांतलं मूळ रसायन, ज्याला व्यापारी "टेक्निकल" म्हणतात, तेही बऱ्याचदा चीनमधूनच येतं, आणि इथं नुसतं मिसळून बाटलीत भरतात. ते लिहायला पाहिजे असं मी दोनदा सांगून आले. मालकाचं म्हणणं, बाटलीवर तसं छापलेलंच नसतं, मग मी कुठल्या आधारावर लिहू. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत, पण कंपनीच्या माणसाला निदान विचारावं तरी. दुसरं, काउंटरवर बसणारा नवा पोरगा बायोस्टिम्युलंटच्या, म्हणजे पिकाची वाढ चेतवणाऱ्या औषधांच्या, बाटल्या फार पुढं करतो. २०२१ पासून हा माल खत नियंत्रण आदेशाखाली आलाय, तेव्हा बाटलीवर तशी नोंदणी आहे का ते बघूनच घ्या. मालक असले की तो पोरगा गप्प असतो. तिसरं, बायांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही. युरियाच्या दिवसांत दोन-दोन तास उभं राहावं लागतं तेव्हा फार अडचण होते. बसायला एक बाकडं आहे, ते आधी आलेल्या पुरुषांनी धरलेलं असतं. चौथं, उधारी फक्त जुन्या गिऱ्हाइकाला, तीही मोसंबीचा तोडा होईपर्यंतच. व्याज लावत नाहीत, पण रोखीचा आणि उधारीचा दर वेगळा आहे. तोही फळ्यावर लिहिलेला असतो, हे खरं, तरी लहान शेतकऱ्याला तो फरक जड जातो.

दर्जाची शंका आली तर ते वाद घालत नाहीत. माझ्या शेजाऱ्याला एका गोणीत खडे लागले, तर मालकानं स्वतः तालुका कृषी कार्यालयात अर्ज लिहून दिला आणि नमुना छत्रपती संभाजीनगरच्या खत प्रयोगशाळेकडं पाठवायला लावला. असा अर्ज स्वतःच्याच मालाविरुद्ध लिहिणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही.

आंबिया बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचं खत घ्यायचं असेल तर ताण (फुलासाठी झाडाचं पाणी तोडणं) सोडायच्या आधीच जाऊन या. पाणी दिल्यावर सगळेच धावतात आणि मग गर्दीत बरणीची परीक्षा करून मागता येत नाही. येताना आधार कार्ड घ्या, आणि आधीच्या वर्षीचं बिल असेल तर तेही. त्यावरून काय किती दिलं होतं ते बघून ते या वर्षीचा हिशोब मांडून देतात. गोणी फाटकी-उसवलेली दिसली तर वजन करून मागा, काटा मागच्या खोलीत आहे. घरपोच माल देतात, गाडीभाडं वेगळं पडतं आणि ते आधी सांगतात. दुकान दुपारी एक ते तीन बंद असतं.